स्कूबाची टाकी विकत घ्यावी की भाड्याचीच वापरत राहावे?

मुठाकाठ :

नमस्कार. मी पुण्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला मी स्कूबा डायव्हिंगचे ‘ओपन वॉटर’ हे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र घेतले आणि तेव्हापासून माझे ३४ डाइव्ह झाले आहेत. त्यांतले बहुतेक मालवणच्या परिसरात, काही मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी आणि पाच अंदमानातल्या हॅवलॉकला झाले. मास्क, फिन्स आणि डाइव्ह कॉम्प्युटर माझे स्वतःचे आहेत, गेल्या दिवाळीत रेग्युलेटरही, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत श्वासाजोगी आणणारे यंत्रही, घेतला. टाकी मात्र प्रत्येक वेळी तिथलीच वापरली, आणि आता तीही आपली असावी असे मनात घोळू लागले आहे.

त्याला निमित्त घडले ते गेल्या जानेवारीत. बोटीवर मिळालेल्या टाकीला रेग्युलेटर जोडून व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा २०० बारऐवजी १६० वरच थांबला आणि जोडापाशी बारीक फुसफुस ऐकू येऊ लागली. मी ते दाखवल्यावर तिथल्या मुलाने ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, बदलून दिली, पण दाबाबद्दल मात्र ‘एवढी हवा पुरते’ एवढेच म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळला. टाकी नेहमीची ११.१ लिटरची होती. पृष्ठभागावर मला मिनिटाला साधारण २० लिटर हवा लागते, १२ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबामुळे तीच ४४ लिटर होते, आणि ५० बार राखीव ठेवायचे म्हटले की २०० बारवर मला ३७ मिनिटे मिळतात आणि १६० बारवर २७. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला ही दहा मिनिटे गमावणे फार लागते. त्याहून अधिक टोचले ते हे, की जिच्यावर माझा श्वास अवलंबून आहे त्या वस्तूबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते.

आता एक परिचित कायमचे परदेशी जात आहेत आणि त्यांच्याकडच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या मिळून ३० हजार रुपयांना देऊ करत आहेत. वर्षाला माझे १२ ते १५ डाइव्ह होतात. एवढ्या वापरात हे पैसे कधी वसूल होतील का? पुण्यात टाकी भरून मिळण्याची काय सोय आहे? माझे काका म्हणतात की गॅस एजन्सीतून ऑक्सिजन भरून आण, आणि अग्निशमन साहित्याच्या एका दुकानदाराने ‘आम्ही ३०० बारपर्यंत भरतो’ असे सांगितले आहे. भरलेली टाकी उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवून मालवणपर्यंत नेणे सुरक्षित असते का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

रापणकार :

मी मालवणात गेली नऊ वर्षे टाक्या भरण्याचे काम पाहतो, म्हणून सर्वांत आधी काकांच्या सूचनेबद्दल लिहितो, कारण बाकीचे प्रश्न पैशांचे आहेत आणि हा जिवाचा आहे. आमच्याकडे येणारे शंभरातले नव्वद पर्यटक पाठीवरच्या टाकीला ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात आणि घाईच्या वेळी आम्हीही त्यांना दुरुस्त करत बसत नाही, पण त्या टाकीत साधी हवा असते, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरच्या खाली घातक ठरतो. माणसाला पाण्यातच झटके येऊ शकतात आणि तोंडातला रेग्युलेटर सुटला की तो बुडतो. शिवाय हवेसाठी वापरलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये तेलाचा किंवा ग्रीसचा अंश असला, तर जास्त दाबाचा ऑक्सिजन भरताना तिथे आग लागण्याचा धोका असतो. त्यामुळे गॅस एजन्सीकडे ही टाकी कोणत्याही कारणाने नेऊ नका.

अग्निशमन साहित्याच्या दुकानाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अग्निशमन दलाच्या श्वसनसंचात हवाच असते आणि ती भरणारा कंप्रेसरही आमच्यासारखाच असतो, पण त्यांचे सिलिंडर बहुधा ३०० बारचे असतात आणि तुमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचा कामाचा दाब २०७ बार आहे. भरणाऱ्याला हा फरक माहीत आहे का, त्याच्याकडे योग्य जोड आहे का आणि त्याच्या फिल्टरची तारीख काय आहे, एवढ्या तीन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय टाकी त्याच्या हाती देऊ नये. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कंप्रेसरचा तर विचारही करू नये. त्याला २०० बारचा दाब झेपत नाही आणि त्याच्या हवेत तेल असते.

पैशांचे म्हणाल, तर आपल्या किनाऱ्यावर नुसती टाकी भाड्याने देण्याचा व्यवहार फारसा नाही. तुम्ही जे पैसे देता ते बोट, डिझेल, खलाशी, सोबतचा डाइव्हमास्टर, टाकी आणि कमरेचे वजन अशा सगळ्याचे मिळून असतात, आणि त्यात टाकीचा वाटा लहान असतो. उद्या तुम्ही स्वतःची टाकी घेऊन आलात तरी बोटीला तेवढेच डिझेल लागेल आणि खाली तुमच्याबरोबर तोच माणूस उतरेल. आमचे मालक अशा वेळी थोडीफार सूट देतात, पण दुसऱ्या डाइव्हसाठी ती टाकी आम्हालाच भरून द्यावी लागते, म्हणजे भरणावळ वेगळी. १५ डाइव्हच्या बेरजेतून ३० हजार रुपये निघायला किती वर्षे लागतील ते तुम्हीच मांडून पाहा, आणि मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत आमच्याकडे पाण्यातले सगळे पर्यटन बंद असते, तेवढे महिने टाकी घरात नुसती उभी राहील हेही त्यात धरा.

१६० बारबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ती चूक कशी होते ते आतल्या माणसालाच दिसते. टाकी भराभर भरली की आतली हवा तापते. ५० अंशांवर २०० बार दाखवणारी टाकी २७ अंशांपर्यंत निवली की १८६ बारवर येते. म्हणून टाकी सावकाश भरून, ती गार झाल्यावर वरून पुन्हा दाब पुरा करावा लागतो, आणि हंगामात सकाळी सातपासून रांग लागलेली असली की हे दुसऱ्यांदा भरणे सुटते. तुमच्या टाकीत मात्र १४ बारच्या जागी ४० बार कमी होते, म्हणजे ती एक तर अर्धवट भरली होती किंवा त्या ओ-रिंगमधून रात्रभर गळत होती. दोन्ही प्रकारांत ती टाकी बाजूला ठेवून दुसरी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता, आणि तुम्ही तो वापरायला हवा होता असे मी आपुलकीने सांगतो.

राहिला गाडीचा प्रश्न. २७ अंशांवर २०० बार असलेली टाकी डिकीत ६० अंशांपर्यंत तापली तर दाब २२२ बारच्या आसपास जातो. टाकीची चाचणी त्याहून पुष्कळ वरच्या दाबाला झालेली असते, त्यामुळे चाचणीची मुदत न संपलेल्या धडधाकट टाकीला त्याने काही होत नाही, पण गाडी उन्हात उभी करू नये. खरी भीती टाकी घाटात गडगडून तिचा व्हॉल्व्ह कशावर तरी आपटण्याची असते. ती आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी घट्ट बांधावी आणि व्हॉल्व्हचे तोंड माणसांकडे ठेवू नये.

उपसागरकाठी :

मी मूळची कोल्हापूरची असून गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते. माझ्याकडे स्वतःच्या दोन टाक्या आहेत आणि त्या घेतल्याचा मला कधीही पश्चात्ताप झाला नाही, पण रापणकार यांचे म्हणणे मला तुमच्या बाबतीत पूर्णपणे पटते, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगण्यासाठी लिहीत आहे.

इथून मॉन्टेरे सव्वा तासावर आहे आणि तिथे बोट लागत नाही. गाडी लावायची, सूट चढवायचा, टाकी पाठीवर घ्यायची आणि वाळूवरून चालत पाण्यात शिरायचे. पाणी बारा महिने १० ते १५ अंशांच्या दरम्यान असते, म्हणून ७ मिलिमीटर जाडीचा सूट घालावा लागतो, आणि तो सूट माणसाला इतका तरंगवतो की कमरेला शिसेही तितकेच बांधावे लागते. अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची टाकी डाइव्हच्या शेवटी हवा संपत आली की स्वतःच सुमारे २ किलो वर ओढू लागते, तर माझी १०० घनफुटांची पोलादी टाकी रिकामी झाली तरी बुडतीच राहते. या एका बदलाने माझ्या कमरेवरचे जवळपास ३ किलो शिसे उतरले, आणि निसरड्या खडकांवरून बाहेर येताना ३ किलो म्हणजे काय ते गुडघ्यांना कळते. भाड्याच्या दुकानांत बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्याच टाक्या मिळत, हे माझ्या खरेदीचे पहिले कारण होते.

दुसरे कारण वेळेचे. भाड्याची टाकी शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद होण्याआधी आणायची आणि सोमवारी परत करायची, म्हणजे ४०-४५ मिनिटांच्या पोहण्यासाठी दोन फेऱ्या. आता दोन्ही टाक्या गॅरेजमध्ये भरलेल्या असतात, आणि शनिवारी पहाटे समुद्र शांत दिसला की मी लगेच निघते. पैशांचा हिशेब मात्र मीसुद्धा सुरुवातीला चुकवला होता. माझ्या दुकानात भरलेली टाकी भाड्याने घ्यायला १५ डॉलर पडत आणि स्वतःची भरून घ्यायला ९, म्हणजे दर खेपेला ६ डॉलर वाचत. वर्षाला ४० टाक्या वापरल्या तर २४० डॉलर, त्यातून दोन टाक्यांच्या वार्षिक अंतर्गत तपासणीचे ५० वजा करायचे आणि दर पाच वर्षांनी येणाऱ्या जलदाब चाचणीचे निराळे धरायचे. टाक्यांची किंमत निघायला मला चौथे वर्ष उजाडले, आणि तेही इतका वापर होता म्हणून. ऑस्ट्रेलियात तर ही चाचणी दर वर्षी करावी लागते, त्यामुळे तिथल्या माझ्या मैत्रिणीचा हिशेब आणखी लांबला.

समुद्र गाडीच्या पल्ल्यात असावा, तिथे बोटीवाचून उतरता यावे आणि भरून देणारे खात्रीचे दुकान घराजवळ असावे, असे जिथे असते तिथे टाकी घ्यावी. तुमच्या पुण्यात यांतले एकही जुळत नाही. डिसेंबरात घरी येते तेव्हा मीही फक्त रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर आणते. १४ किलोची टाकी विमानात चढवायची तर ती रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा दाखवावा लागतो, आणि देशांतर्गत विमानातली १५ किलोंची मर्यादा एका टाकीतच संपते. तुमचा रेग्युलेटर डीआयएन पद्धतीचा, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा, असेल तर योकचा, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून कसण्याच्या पद्धतीचा, अडॅप्टर मात्र जवळ ठेवा, कारण आपल्याकडे बहुतेक टाक्यांना योकचाच व्हॉल्व्ह असतो.

मुठाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. ऑक्सिजनबद्दल वाचून काल रात्रीच काकांना फोन केला. आज त्या परिचितांच्या घरी जाऊन टाक्या पाहून आलो. दोन्हींच्या खांद्यावर ‘३एएल’ आणि ३००० असे ठोकलेले आहे. एकीवर शेवटच्या चाचणीचा शिक्का २०१४ सालचा आहे. दुसरीवर पहिली तारीख १९८७ ची असून त्यानंतरचे शिक्के रंगाखाली बुजले आहेत. त्यांनी त्या बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातून सामानाबरोबर आणल्या होत्या आणि कागद कोणताही नाही. दिसायला दोन्ही स्वच्छ आहेत. त्या घेण्याचा विचार आता जवळपास मावळला आहे, तरी निर्णयाआधी एकदा विचारतो. आणि घेतल्या नाहीत, तर बोटीवर मिळणारी टाकी चांगली आहे की नाही हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे?

जुना पाणबुड्या :

मी नौदलात पाणबुड्या होतो, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो आणि निवृत्तीनंतर रत्नागिरीत स्थायिक झालो आहे. या टाक्या घेऊ नका, आणि दुसरी तर त्या गृहस्थांनाही कोणाला विकू देऊ नका.

१९८७ च्या टाकीबद्दल आधी. ‘३एएल’ हा अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचा अमेरिकी शिक्का आहे, आणि त्या काळात अमेरिकेत बनणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या बहुतांशी ६३५१ या मिश्रधातूच्या असत. त्या धातूत वर्षानुवर्षे दाब राहिला की मानेच्या आट्यांपाशी भेगा पडतात असे पुढे आढळले आणि काही टाक्या भरताना फुटल्याही. त्यानंतर कारखाने ६०६१ या मिश्रधातूकडे वळले. या भेगा बाहेरून दिसत नाहीत. व्हॉल्व्ह काढून आट्यांवर विद्युतप्रवाहाच्या खास उपकरणाने तपासणी करावी लागते. परदेशातही आज अनेक दुकाने अशी टाकी भरायला साफ नकार देतात, आणि टाकी फुटली तर सर्वांत जवळ उभा असतो तो भरणारा माणूस, म्हणजे रापणकारांसारखा कोणीतरी.

२०१४ च्या टाकीची मुदत केव्हाच संपली आहे. जलदाब चाचणीत टाकी पाण्याने भरून पाण्याच्याच पिंपात ठेवतात आणि कामाच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक, म्हणजे दर चौरस इंचाला ३००० पाउंडांच्या (२०७ बारच्या) टाकीला ५००० पाउंडांचा दाब देतात. टाकी थोडी फुगते आणि दाब काढला की पूर्ववत होते. फुगवट्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त फुगवटा कायमचा राहिला तर ती बाद होते. पण तुमची खरी अडचण चाचणीच्या आधीची आहे. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि बाहेरून आणलेल्या सिलिंडरला नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांच्या कार्यालयाची, म्हणजे पेसोची, मान्यता लागते. तो कागद नसेल तर परवानाधारक भरणाऱ्याने ती टाकी भरूच नये. भरता न येणारी टाकी ३० हजारांत स्वस्त ठरत नाही.

आता बोटीवरच्या टाकीबद्दल. ही तपासणी किनाऱ्यावर करा, कारण बोट हलायला लागली की कोणालाच धीर नसतो. खांद्यावरचा शेवटचा शिक्का वाचा. बुडाशी रबरी बूट असेल तर तो सरकवून पाहा. त्याच्या आत खारे पाणी साचून राहते आणि धातूला खड्डे पडतात ते नेमके तिथे. व्हॉल्व्हच्या तोंडाची ओ-रिंग नखाने चाचपा. ती चिरलेली किंवा चपटी झालेली असेल तर नवी मागा, आणि स्वतःच्या डबीत चार-पाच ठेवल्यात तर मागण्याचीही गरज नाही. मग तोंड माणसांपासून दूर करून व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडा आणि बाहेर येणाऱ्या हवेकडे पाहा. पांढुरके धुके दिसले तर आत ओल आहे. तीच हवा पांढऱ्या स्वच्छ रुमालावर सोडून रुमाल हुंगा. तेलाचा किंवा धुराचा वास आला, तर त्या टाकीने उतरू नका.

माझ्या नोकरीच्या काळात एकदा सराव सुरू होण्याआधी मी एक टाकी सहज आडवी केली, तर आत काहीतरी उशिरा सरकल्यासारखे वाटले. कानाजवळ धरून हळूच हलवली तेव्हा पेल्यात पाणी हिंदळावे तसा आवाज आला. व्हॉल्व्ह काढल्यावर आतून पेलाभर तांबूस पाणी निघाले. टाकी पोलादाची होती, आणि गंज चढताना तो आतल्या हवेतला ऑक्सिजन खातो. गेजवर दाब भरपूर दिसतो, पण तशी टाकी भरून महिनोन्‌महिने पडून राहिली तर आतली हवा श्वासाला पुरी पडत नाही. टाकी तळाशी पूर्ण रिकामी करू नये, वर येताना आत थोडा दाब राखावा असे जे शिकवतात, त्याचे एक कारण हेच की रिकाम्या टाकीत पाणी शिरते. तेव्हापासून मी कोणतीही टाकी हातात घेतली की आधी आडवी करून ऐकतो, मग पुढचे.

एक गोष्ट मात्र नाकाला कळत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही, ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कंप्रेसरने जनरेटरचा किंवा बोटीच्या इंजिनाचा धूर ओढला तर तो टाकीत जातो. युरोपच्या ईएन १२०२१ या मानकात त्याची मर्यादा दहा लाखांत ५ भाग इतकी कडक ठेवली आहे, कारण २० मीटर खोलीवर हवेचा दाब तिप्पट होतो आणि त्याबरोबर विषाचाही. म्हणून संकोच न करता कंप्रेसर पाहायला जा. हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड कुठे आहे ते बघा, फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा आणि त्याची वही दाखवा म्हणा. स्वतःची टाकी विकत घेतली असती तरी हवा त्याच कंप्रेसरची भरावी लागली असती, तेव्हा ही चौकशी तुम्हाला कुठेही चुकणार नव्हती.

रापणकार :

आजोबांनी लिहिलेले अक्षरशः खरे आहे. आमच्या नळीचे तोंड पूर्वी शेडच्या भिंतीलगत होते. एकदा दुपारनंतर वारा फिरला आणि शेजारच्या जनरेटरचा धूर थेट तिकडे येताना मला दिसला. त्या दिवशी भरलेल्या अकरा टाक्या आम्ही उघडून रिकाम्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी बांबूच्या वाशाला बांधून ती नळी छपराच्या वर नेली. ती आजही तिथेच आहे, कोणीही येऊन पाहावी. वही दाखवा म्हणणारे गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनच येतात आणि त्यांचा मला कधीही राग आलेला नाही.

मुठाकाठ :

निर्णय झाला. टाक्या घेत नाही, आणि १९८७ च्या टाकीचे कारण त्या परिचितांना नीट समजावून सांगितले. भंगारात देण्याआधी व्हॉल्व्ह काढून ती निकामी करून देतो असे त्यांनी मान्य केले. वाचलेल्या पैशांतून रेग्युलेटरची वार्षिक देखभाल करून घेईन आणि टाकीच्या व्हॉल्व्हवर बसवून दाब पाहण्याचा लहान गेज घेईन, म्हणजे रेग्युलेटर न जोडताही किनाऱ्यावरच आकडा दिसेल. ओ-रिंगची डबी आजच मागवली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे मालवणला येत आहोत. रापणकार, तुमची हरकत नसेल तर आदल्या दिवशी कंप्रेसर आणि वही पाहायला येऊ का? आमच्या टाक्या तेव्हाच निवडून त्यांवर खडूने नावे घातली तर चालेल का?

रापणकार :

अवश्य या. दुपारी तीनपर्यंत भरणे आटोपते आणि पाचपर्यंत टाक्या निवतात, तेव्हा पाचच्या सुमारास आलात तर गेजवर दिसेल तो आकडा खरा असेल. १९० बारच्या खाली असलेली टाकी तुमच्यासमोर पुन्हा लावून देईन. खडू मी ठेवतो.